पानाच्या ‘हेड’मधले मेटा टॅग नियमाप्रमाणे लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्हॉट्सॲपवर मराठी लेखाचा दुवा पाठवला की मथळा आणि चित्र येण्याऐवजी पुष्कळदा नुसता पत्ता दिसतो. गूगलवर नगरपरिषदेचे पान सापडते, पण त्याखालच्या वर्णनातले शेवटचे अक्षर तुटून तिथे काळ्या शंकरपाळ्यातले प्रश्नचिन्ह उमटलेले असते. ग्रंथालयाची सूची फोनवर उघडावी तर अक्षरे बारीक, आणि दोन बोटांनी ताणून ती मोठीही होत नाहीत. अशा वेळी दोष फोनला किंवा फाँटला दिला जातो, नाहीतर ‘मराठीचे हे असेच’ म्हणून विषय सोडून दिला जातो. खरे तर हे तिन्ही दोष पानाच्या ‘हेड’ या भागात चुकीच्या लिहिलेल्या, किंवा लिहायच्या राहून गेलेल्या, काही ओळींमुळे, म्हणजे मेटा टॅगांमुळे, होतात. त्या ओळी कशा लिहायच्या याचे नियम ठरलेले आहेत आणि ते पाळायला वेगळा खर्च येत नाही. संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी हे वाचावेच. पण ती बांधून घेणाऱ्या संस्था, ग्रंथालये, प्रकाशक, पतसंस्था, नगरपरिषदा यांनी ते अधिक लक्षपूर्वक वाचावे, कारण पैसे त्या देतात आणि तपासणीही त्यांनीच करायची असते.

एक खुलासा आधी. टॅगांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलीत ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

एचटीएमएल ही वेबपाने लिहायची भाषा. तिच्या फाइलीत बॉडी हा वाचकाला दिसणारा भाग. हेड असते ते ब्राउझर, शोधयंत्रे, पान मोठ्याने वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर आणि दुव्याची झलक दाखवणारी ॲप यांच्यासाठी. मेटा टॅग या हेडमध्ये बसतात. त्यांचे नियम आज व्हॉटडब्ल्यूजी या गटाच्या ‘एचटीएमएल लिव्हिंग स्टँडर्ड’मध्ये आहेत, २०१९ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनेही करार करून तोच एक प्रमाण मानला. हे सांगायचे कारण असे, की कित्येक मराठी पानांचे हेड अजून १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ च्या काळातल्या नमुन्यावरून उतरवलेले असते आणि त्यातल्या निम्म्या ओळी आज निरर्थक आहेत.

आमचे मुख्य म्हणणे हे, की इंग्रजी पानात ज्या चुका झाकल्या जातात त्या मराठी पानात उघड्या पडतात. रोमन अक्षर युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत एका बाइटात, म्हणजे साठवणीच्या एका घरात, मावते. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘मराठी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाला तो म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी असा पाच चिन्हांचा आणि पंधरा बाइटांचा. इंग्रजी पानावर तपासून ‘चालते’ असे ठरवलेला साचा म्हणूनच मराठी मजकूर भरताच बिघडतो.

आधी मेटाचे साधे व्याकरण. नेम, एचटीटीपी-इक्विव्ह, चारसेट आणि आयटमप्रॉप या चार ॲट्रिब्यूटांपैकी (ही टॅगच्या आत लिहायची नावे; त्यांच्यापुढे बरोबरचे चिन्ह देऊन अवतरणात लिहितात ती त्यांची व्हॅल्यू) नेमके एकच एका मेटा टॅगमध्ये असावे. चारसेट असेल तर कंटेंट हे ॲट्रिब्यूट लिहायचे नाही. बाकी तिघांपैकी कोणतेही असेल तर कंटेंट लिहिलेच पाहिजे. मेटाला बंद करणारा टॅग नसतो. शेवटी तिरकी रेघ दिली तर चालते, पण तिने काही साधत नाही. सर्वांत जास्त घात करतात ती अवतरणचिन्हे. वर्ड किंवा ईमेलमधून ओळ चिकटवली की सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होतात. वळणदार चिन्ह एचटीएमएलच्या लेखी अवतरणचिन्ह नसतेच, ते व्हॅल्यूचाच एक भाग ठरते. मग युटीएफ-८ हे नाव ओळखले जात नाही, आणि व्ह्यूपोर्टची (फोनवर पान किती रुंद मांडायचे ते सांगणाऱ्या ओळीची) व्हॅल्यू पहिल्या मोकळ्या जागेशीच तुटते. डोळ्यांना दोन्ही ओळी सारख्याच दिसतात, त्यामुळे दोष शोधण्यात दिवस जातो. कोड नेहमी साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच चिकटवावा.

आता चारसेट, म्हणजे पानाचा लिपीसंकेत (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) सांगणारी ओळ. आज ही ओळ अगदी छोटी आहे: मेटा, चारसेट, बरोबरचे चिन्ह, अवतरणात युटीएफ-८. स्टँडर्डनुसार दुसरी कोणतीही व्हॅल्यू चालत नाही. एचटीटीपी-इक्विव्ह कंटेंट-टाइप असा जुना लांब प्रकार अजून मान्य आहे, पण दोन्ही एकाच पानात घालायचे नाहीत. महत्त्वाची अट जागेची: ही ओळ फाइलीच्या पहिल्या १०२४ बाइटांत पूर्ण बसली पाहिजे. ब्राउझर मजकूर वाचायला सुरुवात करण्याआधी तेवढाच तुकडा चाळून लिपीसंकेत ठरवतो.

इंग्रजी पानात १०२४ बाइट पुष्कळ होतात. मराठीत हिशेब बघा. साठ चिन्हांचा मथळा, त्यात नऊ मोकळ्या जागा धरल्या, तर एक्कावन्न चिन्हांचे १५३ आणि जागांचे ९ मिळून १६२ बाइट. एकशे साठ चिन्हांचे वर्णन, पंचवीस मोकळ्या जागा धरून, ४३० बाइट. तोच मथळा आणि तेच वर्णन व्हॉट्सॲप-फेसबुकसाठीच्या टॅगांत पुन्हा येते. चौघांची बेरीज ११८४. टॅगांची स्वतःची अक्षरे अजून मोजलेलीही नाहीत. म्हणजे कुणी चारसेटची ओळ या चार ओळींच्या खाली ठेवली, तर ती मर्यादेबाहेर गेलीच. फाइलीच्या अगदी वर संस्थेचे नाव, ठरावाचा क्रमांक, बांधणाऱ्याचे नाव अशी मराठीत लांबलचक टिप्पणी लिहिणारेही आहेत. मोकळ्या जागा सोडून साडेतीनशे चिन्हांची टिप्पणी एकटीच मर्यादा ओलांडते. मर्यादा ओलांडल्यावर काही ब्राउझर पुढे जाऊन ती ओळ शोधतात आणि सापडल्यावर पान पहिल्यापासून पुन्हा वाचतात. त्यात वेळ जातो, आणि इतर यंत्रे एवढे कष्ट घेतील याची खात्री नाही. उपाय एकाच ओळीचा: हेड उघडले की पहिली ओळ चारसेटची. टायटलसुद्धा तिच्या खाली.

लिपीसंकेत चुकला हे ओळखायची खूण पक्की आहे. ब्राउझर पान विंडोज-१२५२ या जुन्या रोमन लिपीसंकेतातले समजून वाचतो तेव्हा देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन रोमन खुणांत फुटते. पहिली नेहमी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान ए. दुसरी, देवनागरीच्या पहिल्या चौसष्ट चिन्हांसाठी, चार टोके फुटलेले गोल चलनचिन्ह. आणि पुढच्या चौसष्टांसाठी, म्हणजे दीर्घ वेलांटी, उकार, एकार, ओकार, हलन्त, दंड, देवनागरी अंक यांसाठी, जपानी येनचे चिन्ह. असा मजकूर दिसला तर मूळ मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त वाचणारा चुकतो आहे. सगळीकडे साधी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर मात्र दुखणे बहुधा डेटाबेसच्या बाजूचे असते आणि तिथला मजकूर गेलेला असू शकतो. मेटा टॅगने तो परत येत नाही.

चारसेटची ओळ बरोबर असूनही मजकूर फुटत असेल तर सर्व्हर, म्हणजे पान पाठवणारा संगणक, बघावा. सर्व्हरने पानाच्या आधी पाठवायच्या कंटेंट-टाइप या हेडरमध्ये (हे पानातले ‘हेड’ नव्हे) दिलेला लिपीसंकेत मेटाच्या वरचढ असतो, आणि फाइलीच्या सुरुवातीला बीओएम हे लिपीसंकेत सांगणारे, न दिसणारे चिन्ह असेल तर तो दोघांच्याही वरचढ. जुन्या अपाची सर्व्हरांवर ‘ॲड डीफॉल्ट चारसेट’ या सेटिंगला आयएसओ-८८५९-१ या रोमन लिपीसंकेताची व्हॅल्यू दिलेली सापडते. तिथे युटीएफ-८ करावे. एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हरमध्ये त्यासाठी ‘चारसेट’ ही सूचना आहे. बघायचे असे: क्रोममध्ये एफ-१२ दाबा, नेटवर्क उघडा, पान पुन्हा लोड करा, यादीतली पहिली ओळ निवडा आणि रिस्पॉन्स हेडर्समध्ये कंटेंट-टाइप वाचा.

एक गैरसमज इथेच दूर करावा. युनिकोडपूर्व काळात शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फाँटांत टंकलेली पाने अजून आहेत. त्यांत प्रत्यक्ष रोमन संकेतच साठवलेले असतात, फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो. अशा पानावर युटीएफ-८ लिहिल्याने ते युनिकोड होत नाही. आधी मजकूर रूपांतरित करावा, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा डोळ्यांनी तपासाव्यात, मगच नवे हेड लावावे.

भाषा सांगण्याचे काम मेटाचे नाही, एचटीएमएल या मूळ टॅगवरच्या लँग ॲट्रिब्यूटचे आहे. पण मेटा टॅग लिहिताना ते हटकून चुकते, म्हणून त्याचाही विचार इथे हवा. एचटीटीपी-इक्विव्ह कंटेंट-लँग्वेज हा मेटा आज नियमबाह्य आहे. मराठीसाठी लँगची व्हॅल्यू ‘एमआर’. महाराष्ट्र म्हणून ‘एमएच’ लिहिले तर तो मार्शल बेटांवरच्या मार्शली भाषेचा संकेत होतो. तीन अक्षरी ‘एमएआर’ही नको, कारण दोन अक्षरी संकेत असताना तोच वापरायचा असतो. गोव्यातल्या द्विभाषिक पानांत कोकणी परिच्छेदाला ‘केओके’ असा लँग द्यावा. सर्वांत सर्रास चूक म्हणजे विकत घेतलेल्या साच्यातले ‘ईएन’ तसेच राहणे. त्याने डोळ्यांना काही फरक दिसत नाही, पण अंध वाचकाचा स्क्रीन रीडर कोणत्या आवाजात वाचायचे ते याच व्हॅल्यूवरून ठरवतो. मराठी मजकुरासमोर इंग्रजी आवाज बसवला की वाचन अडखळते किंवा होतच नाही. शिवाय ज्या फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत, तिथे ती रूपे मिळण्यासाठीही ‘एमआर’ लागते.

व्ह्यूपोर्टच्या बाबतीत आमचा आग्रह सर्वांत जास्त आहे, कारण इथली चूक थेट वाचकाच्या डोळ्यांवर येते. हा टॅग ॲपलने आयफोनच्या सफारीसाठी आणला आणि पुढे सगळ्यांनी उचलला. तो नसेल तर फोन पान सुमारे ९८० पिक्सेल रुंदीचे धरून मांडतो आणि मग ते पडद्यावर मावेल असे आक्रसतो. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर १६ पिक्सेलचे अक्षर त्यामुळे सहाच्या आसपास येते. रोमन अक्षर त्या आकारात कसेबसे वाचता येते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. त्या आकारात ‘द्ध’ आणि ‘द्व’ वेगळे दिसत नाहीत.

योग्य ओळ अशी: नेम व्ह्यूपोर्ट, आणि कंटेंटमध्ये विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ, स्वल्पविराम, इनिशियल-स्केल बरोबर १. मध्ये स्वल्पविराम हवा, अर्धविराम नको. एवढेच लिहायचे, आणि इथेच थांबायचे. पुढे मॅक्सिमम-स्केल बरोबर १ किंवा युजर-स्केलेबल बरोबर नो असे जोडले जाते, आणि त्याने वाचकाचा अक्षर मोठे करण्याचा हक्क काढून घेतला जातो. आयफोनने २०१६ च्या आयओएस १० पासून ही बंदी मानणे सोडले. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये मात्र, वाचकाने सेटिंग्जमध्ये जाऊन झूमची सक्ती केली नसेल तर, ती अजून लागू होते. साठी ओलांडलेल्या वाचकाला हे सेटिंग माहीत असेल अशी अपेक्षा धरणे चूक आहे. ही बंदी घालण्यामागे बहुधा एकच कारण असते: आयफोनवर अर्जाच्या चौकटीत बोट ठेवले की पान आपोआप मोठे होते, ते थांबवायचे असते. ते घडते चौकटीतला फाँट १६ पिक्सेलपेक्षा लहान असतो म्हणून. तो १६ करा, बंदीची गरज उरत नाही. मजकूर दुप्पट मोठा करता आला पाहिजे ही अट डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या नियमावलीच्या १.४.४ या कलमात आहे, आणि केंद्र सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी काढलेल्या जीआयजीडब्ल्यू या मार्गदर्शिकेची तिसरी आवृत्ती त्याच डब्ल्यूसीएजी २.१ वर आधारलेली आहे. म्हणजे शासकीय पानावर ही बंदी नियमालाही धरून नाही.

वर्णन, म्हणजे नेम डिस्क्रिप्शन, एका पानात एकच असावे. त्यात ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत’ असे लिहून काही उपयोग नाही. सर्व पानांवर तेच वर्णन ठेवूनही नाही. दाखल्याचे पान असेल तर ‘जन्म-मृत्यू दाखल्यासाठी लागणारी कागदपत्रे, शुल्क, कार्यालयाची वेळ आणि अर्जाचा नमुना’ असे थेट लिहावे. गूगलने लांबीची कमाल मर्यादा ठरवून दिलेली नाही. पडद्याच्या रुंदीप्रमाणे ते कापले जाते, आणि प्रश्नाला पानातला दुसरा मजकूर जास्त जुळला तर तो दाखवला जातो. म्हणून मुद्दा पहिल्या वाक्यातच यावा.

खरा घोळ वर्णन आपोआप तयार करणाऱ्या कोडमध्ये होतो. लेखाचा पहिला भाग घेऊन १६० वर कापायचा, अशी सूचना बहुतेक साच्यांत असते. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतले मजकूर कापणारे साधे सबस्ट्रिंग फंक्शन बाइट मोजते. सलग देवनागरीत त्रेपन्न चिन्हांना १५९ बाइट लागतात. एकशे साठावा बाइट चौपन्नाव्या चिन्हाचा पहिला तुकडा. तो एकटा वाचताच येत नाही, आणि तिथे ते शंकरपाळ्यातले प्रश्नचिन्ह येते. मोकळ्या जागा किती आल्या त्यावर काप कुठे पडतो ते बदलते, म्हणून हा दोष काही पानांवर दिसतो, काहींवर नाही. शिवाय १६० चिन्हे मिळतील असे वाटलेले असते तिथे साठच्या आसपास मिळतात. एमबी उपसर्गाचे फंक्शन चिन्हे मोजते, त्याने बाइट तुटत नाही, पण अक्षर तुटू शकते: ‘पाणीपुरवठा’चे ‘पाणीपुरवठ’, ‘शिक्षण’चे ‘शिक्’. ग्राफीम उपसर्गाचे फंक्शन, किंवा जावास्क्रिप्टमधले इंटल-सेगमेंटर, अक्षरे मोजते; जुन्या आवृत्त्यांत तेही जोडाक्षराच्या मध्ये कापतात, कारण भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. आमच्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग साधाच आहे: चिन्हे मोजून कापा आणि तिथून मागे जाऊन शेवटच्या मोकळ्या जागेशी थांबा. शब्द पूर्ण राहतो.

वृत्तपत्रांच्या पानांसाठी आणखी एक धोका. मराठी बातमीच्या मथळ्यात कुणाचे तरी बोल अवतरणात असतातच. ते सरळ दुहेरी अवतरणात असतील तर कंटेंट ॲट्रिब्यूट तिथेच संपतो आणि पुढचे शब्द भलत्याच ॲट्रिब्यूटांची नावे बनतात. झलकेत मग ‘मंत्री म्हणाले,’ एवढेच दिसते. मथळा आणि वर्णन टॅगमध्ये घालण्यापूर्वी एस्केप करणे, म्हणजे अवतरणासारख्या चिन्हांच्या जागी त्यांचे संकेत घालणे, हा उपाय, पीएचपीत त्यासाठी एचटीएमएल-स्पेशल-चार्स आहे. मात्र एकदाच. संपादकीय प्रणालीने एकदा आणि साच्याने पुन्हा एकदा एस्केप केले की वाचकाला मथळ्यात अँपरसँड, एएमपी, क्वॉट अशी अक्षरे दिसू लागतात. असेच काळजीचे एक चिन्ह झीरो-विड्थ-जॉइनर. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र काही कळफलक साध्या र, हलन्त आणि हा न दिसणारा जॉइनर मिळून लिहितात. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या कोडने जॉइनर काढला की ‘ऱ्या’चे ‘र्या’ होते, म्हणजे रफार डोक्यावर चढतो. नुक्त्याच्या ‘ऱ’ने लिहिलेल्या मजकुराला हा धोका नसतो. साफसफाईच्या यादीतून हे चिन्ह वगळावे.

कीवर्ड्सचा, म्हणजे शोधशब्दांचा, मेटा अजूनही पन्नास-पन्नास शब्दांनी भरलेला सापडतो. गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे की वेब शोधातल्या क्रमवारीसाठी तो वापरला जात नाही. नियमबाह्य तो नाही, पण तो भरण्यात माणूस गुंतवू नये.

शोधयंत्रांना सूचना देणाऱ्या रोबोट्सच्या मेटाबद्दल दोनच गोष्टी. बांधकाम चालू असताना घातलेला, ‘पान शोधात घेऊ नका’ असे सांगणारा नोइंडेक्स संकेतस्थळ खुले झाल्यावर तसाच राहतो, आणि ‘आमचे संकेतस्थळ गूगलवर येतच नाही’ अशी तक्रार सुरू होते. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या रीडिंग विभागात शोधयंत्रांना परावृत्त करण्याची एक टिकखूण असते. उद्घाटनाच्या दिवशी ती काढली का, हे बघावे. आणि एखादे पान शोधातून काढायचे असेल तर तेच पान शोधयंत्रांनी काय उघडू नये ते सांगणाऱ्या रोबोट्स-टीएक्सटी या फाइलीत अडवू नये. अडवले तर यंत्र पान उघडतच नाही, नोइंडेक्स त्याला दिसतच नाही, आणि पत्ता शोधात राहू शकतो.

आता व्हॉट्सॲपची झलक. मराठी वाचन आज मोठ्या प्रमाणात पाठवलेल्या दुव्यांतून होते, म्हणून हे टॅग चैनीचे नाहीत. फेसबुकने २०१० मध्ये आणलेल्या ओपन ग्राफ (ओजी) या झलकेच्या टॅगांच्या पद्धतीत चार टॅग आवश्यक आहेत: ओजी-टायटल, ओजी-टाइप, ओजी-इमेज, ओजी-यूआरएल. त्यांच्या जोडीला ओजी-डिस्क्रिप्शन द्यावे. हे टॅग लिहिताना नेम नव्हे तर प्रॉपर्टी हे ॲट्रिब्यूट वापरायचे. ते आरडीएफए या जोड-नियमातून येते आणि पान तपासणारे साधन, म्हणजे व्हॅलिडेटर, ते मान्य करतो. ट्विटरच्या (आताच्या एक्सच्या) कार्डांचे टॅग मात्र नेमने लिहायचे. चित्राचा पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण द्यावा. तिरक्या रेघेपासून सुरू होणारा अर्धा पत्ता झलक बनवणाऱ्या यंत्राच्या कामाचा नाही. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचे असावे, आणि त्यावर मराठी अक्षरे असतील तर ती मध्यभागी ठेवावीत, कारण काही ठिकाणी ते चौकोनी कापून दाखवतात. ओजी-लोकेलची व्हॅल्यू ‘एमआर’, अधोरेघ, ‘आयएन’. लँगमध्ये देश जोडायचा तर तिथे मात्र आडवी छोटी रेघ. या दोहोंची अदलाबदल फार होते.

झलक बनवणारी यंत्रे सहसा पानातली जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. जावास्क्रिप्टच्या रिॲक्टसारख्या चौकटीत बांधलेले पान ब्राउझरमध्ये गेल्यावर हे टॅग तयार करत असेल, तर यंत्राला रिकामे हेडच मिळते. टॅग सर्व्हरकडून आलेल्या मूळ फाइलीतच असले पाहिजेत. ते पाहण्यासाठी कंट्रोल-यू दाबून मूळ स्रोत वाचावा. एफ-१२ मधले एलिमेंट्सचे दालन जावास्क्रिप्टनंतरची स्थिती दाखवते आणि फसवते. सगळे बरोबर करूनही जुनीच झलक येत राहिली तर फेसबुकच्या शेअरिंग डिबगरमध्ये पत्ता टाकून तिथली साठवलेली प्रत ताजी करता येते.

सर्व्हरच्या हेडरचे काम पानातून करू पाहणाऱ्या एचटीटीपी-इक्विव्ह या प्रकारातल्या पुष्कळ ओळी निर्धास्तपणे पुसाव्यात. प्रॅग्मा, कॅश-कंट्रोल, एक्स्पायर्स हे मेटात लिहिणे नियमबाह्य आहे, ते सर्व्हरच्या हेडरचे काम. सेट-कुकीही बाद झाली. एक्स-यूए-कंपॅटिबल इंटरनेट एक्सप्लोररसाठी होते आणि त्या ब्राउझरचा आधार जून २०२२ मध्ये संपला. कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी (पानाने काय लोड करावे याचे सुरक्षानियम) मेटाने देता येते, पण फ्रेम-अँसेस्टर्स, सँडबॉक्स आणि रिपोर्ट-यूआरआय या सूचना मेटात दुर्लक्षित होतात, म्हणून तीही हेडरमधूनच दिलेली बरी.

रिफ्रेश हा मात्र आजही मान्य असलेला आणि तरीही टाळायचा मेटा. बातम्यांची पाने दर काही मिनिटांनी आपोआप ताजी होतात ती बहुधा याच्यामुळे. अर्धी बातमी वाचून झालेल्या माणसाचे पान पुन्हा लोड होते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचे वाचन पहिल्या ओळीपासून परत सुरू होते. मोजका डेटा असलेल्याचा डेटा जातो. डब्ल्यूसीएजीमध्ये या मेटाने पान ताजे करणे हा दोषांच्या यादीत आहे. ताज्या बातम्यांसाठी ‘नव्या बातम्या दाखवा’ असे बटण द्यावे. पान दुसरीकडे हलवायचे असेल तर सर्व्हरवरून ३०१, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याचा संकेत, द्यावा.

हे सगळे बरोबर लिहिले आणि तरीही टॅग वाचले जात नाहीत, असा एक प्रकार उरतो, आणि तो ओळखणे सर्वांत अवघड. हेडमध्ये न चालणारा टॅग आला, उदाहरणार्थ डिव्ह किंवा इमेज, किंवा नुसते एखादे सुटे अक्षर, की ब्राउझर हेड तिथेच संपले असे धरतो आणि बॉडी सुरू करतो. त्याखालचे सारे मेटा बॉडीत जाऊन पडतात, आणि बॉडीत आयटमप्रॉपवाल्यांखेरीज मेटाला जागा नाही. वाचकसंख्या मोजणाऱ्या सेवा नोस्क्रिप्ट या, जावास्क्रिप्ट नसतानाच लागू होणाऱ्या, टॅगमध्ये एक पिक्सेलचे चित्र देतात. ते हेडमध्ये चिकटवले तर जावास्क्रिप्ट न चालवणाऱ्या यंत्रांसाठी हेड तिथेच फुटते. हेडमधल्या नोस्क्रिप्टमध्ये फक्त लिंक, स्टाइल आणि मेटा चालतात. चित्र बॉडीत हलवावे. क्रम म्हणून असा ठेवावा: चारसेट, व्ह्यूपोर्ट, टायटल, डिस्क्रिप्शन, ओजीचे टॅग, आणि बाहेरच्या सेवांचे तुकडे सगळ्यांच्या खाली.

वर्डप्रेसवर थीम एक डिस्क्रिप्शन छापते, शोधासाठी घेतलेले प्लगइन दुसरे, शेअरिंगचे प्लगइन ओजीचा तिसरा संच. एकच प्लगइन हे काम करील असे ठरवून बाकीच्यांतली सोय बंद करावी, आणि मग मूळ स्रोतात ‘डिस्क्रिप्शन’ शोधून मोजावे.

तपासणीसाठी डब्ल्यूथ्रीसीचा नू एचटीएमएल चेकर विनामूल्य आहे. त्यात मुखपृष्ठाबरोबरच एक लेख, एक यादीचे पान, एक अर्जाचे पान आणि एक इंग्रजी पान असे पाच पत्ते तरी टाकून पाहावेत, कारण प्रत्येकाचा साचा वेगळा असतो. एवढे करूनही चेकरला वर्णन तुटलेले कळत नाही, ते माणसानेच वाचावे लागते. संस्थांनी कामाच्या आदेशात या गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: चेकरमध्ये मेटा आणि लँगसंबंधी एकही त्रुटी नको, चारसेट हेडची पहिली ओळ, झूमवर बंदी नाही, प्रत्येक पानाला स्वतःचे मराठी वर्णन, शब्द न तुटता, व्हॉट्सॲपवर झलक येते याचा पुरावा, आणि खुले होताना नोइंडेक्स काढल्याची लेखी नोंद. शेवटचा हप्ता यानंतर द्यावा.

आपल्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचे काम पाहणाऱ्या मंडळींनीही याच कसोटीवर आपली लेखपाने एकदा तपासावीत, आणि सुरुवात अवतरणातले बोल असलेल्या मथळ्यांपासून करावी, अशी विनंती आहे. तिथले दोष दिवसातून अनेकदा घडत असतात आणि साच्यात एका जागी दुरुस्ती केली की जुनी पानेही त्याबरोबर सुधारतात.

आपले,
मराठी संकेतस्थळांच्या बांधणीत काम करणारे काही वाचक
पुणे